मास्तरांचा अभंग

खडूचा अख्खा तुकडा हातात घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असा वर धरायचा आणि मधोमध मोडायचा. "निम्मा." मग त्या निम्म्याचा निम्मा. मग त्याचाही निम्मा. चिमटीत धरता येणार नाही इतका बारीक तुकडा उरला, की तो नखाने चिरडायचा, पांढरी पूड तळहातावर घ्यायची, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरायचं आणि प्रत्येकाच्या नाकासमोर हात धरून विचारायचं, "पुढे?"

कोणी म्हणे, याहून बारीक पूड. आणि त्याच्या पुढे? आणखी बारीक. शेवटी कोणी तरी कंटाळून विचारी, "मास्तर, असं कुठवर चालणार?" मास्तर याच प्रश्नाची वाट पाहत असत. मूठ मिटून ते म्हणत, "इथे थांबायचं."

अरुण, उषा, गेल्या पत्रात तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या लहानपणी ठाण्यात कोणाला ॲटम ठाऊक होता का?" एका माणसाला होता. त्याच्याविषयी लिहिते आहे. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा मधली पानं गाळून शेवट वाचू नका.

मास्तर आमचे शेजारी. मासुंदा तलावापासून हाकेच्या अंतरावर आमचं बिऱ्हाड होतं आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं. माझे वडील कलेक्टर कचेरीत होते. मास्तर गावातल्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवत. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घर चालवत होत्या त्यांच्या थोरल्या विधवा बहीण, आक्का. त्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून खडूचा प्रयोग मी भावाकडून ऐकला. मी स्वतः पाहिला तो त्यांच्या ओटीवर, आणि खडूऐवजी खडीसाखरेच्या खड्यावर. उरलेली पूड मला मिळत असे.

अंगकाठी बारीक, डोक्याला पागोटं, आणि काळ्या कोटाचा उजवा खिसा कायम पांढरा. मुलांनी त्यांचं नाव 'निम्मेमास्तर' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं. "इथे थांबायचं" हे त्यांचं वर्गातलं वाक्य घरीदारी सगळीकडे चाले. पंगतीत तूप वाढणाऱ्याला, कोणाची निंदा सुरू झाली की निंदा करणाऱ्याला, आणि आक्का रागावल्या की आक्कांना.

"मी कुठे थांबायचं ते तू मला सांगू नकोस," आक्का म्हणत. "तुझ्या आधी सात वर्षं जन्मले आहे मी."

मी चौदा वर्षांची असताना मास्तर माझ्या वडिलांकडे आले आणि मला मागून घेऊन गेले. म्हणजे रोज दुपारी दोन तासांपुरतं. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकत होते, इंग्रजी वाचत होते, आणि माझं अक्षर चांगलं होतं. मास्तर रसायनशास्त्राचं मराठी पुस्तक लिहीत होते. लिहिता लिहिता आठ वर्षं झाली होती आणि त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे. शुद्ध प्रत मी करायची, असं ठरलं. पट्टीने समास आखायचा, ओळी मोजायच्या, डाग पडला तर पान नवं घ्यायचं. शेजारी आक्का तांदूळ निवडत बसत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मास्तर मोठ्याने सांगत आणि मी लिहीत असे, तेव्हा त्यातला एक शब्द त्यांच्या कानातून सुटत नसे.

मास्तरांची इच्छा एकच होती. इंग्रजी शाळेतल्या मुलांना पुस्तकं पुष्कळ होती. मराठी शाळेत चार इयत्ता शिकून शेतावर, मिठागरावर किंवा होडीवर जाणाऱ्या मुलाला एकही नव्हतं. "त्याच्या हातात आयुष्यात एकच शास्त्राचं पुस्तक पडणार आहे," मास्तर म्हणत. "ते हे असावं."

आता त्या शब्दाकडे येते. तुम्ही ज्याला ॲटम म्हणता त्याला आमच्याकडे तेव्हाही परमाणू म्हणत. मास्तरांना तो शब्द नको होता. "उन्हाच्या कवडशात धूळ नाचताना दिसली की आपली आक्काही म्हणते, बघ परमाणू. डोळ्यांना दिसतो तो कसला परमाणू?" मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न कापता येणारा'. त्यासाठी मराठीत एक शब्द आधीपासूनच आहे, आणि तो प्रत्येकाच्या तोंडात आहे, असं त्यांचं म्हणणं. अ-भंग. न भंगणारा. त्यांनी तोच घेतला. पाणी म्हणजे दोन वायूंच्या अभंगांचा संयोग. सोन्याचा अभंग वेगळा, शिशाचा वेगळा. आणि पुस्तकाचं नाव ठेवलं 'अभंगविचार'.

याचा परिणाम काय झाला, ऐका. वाचनालयात मास्तरांचं व्याख्यान ठरलं आणि दारावर कागद लागला, 'अभंगांविषयी काही नवे विचार'. संध्याकाळी आम्ही जाऊन पाहतो तो चेंदणीच्या कोळीवाड्यातली अख्खी भजनी मंडळी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली. हातात टाळ, मध्ये मृदंग. त्यांना 'तसं नाही हो' असं सांगायचा कोणाला धीर झाला नाही. मास्तर तासभर बोलले. पाणी, वायू, शेवटी खडू. मंडळींनी टाळांचा आवाज होऊ नये म्हणून ते तळहातांनी दाबून धरले होते. "इथे थांबायचं" झालं, लोक उठू लागले, तेव्हा त्यांच्यातले पिकल्या मिशांचे म्हातारे बुवा उभे राहिले.

"मास्तर, सगला आयकला. बरा बोललाव. पन अभंग म्हनताव कवा?"

सगळं वाचनालय हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तो तुम्ही म्हणायचा, बुवा." मग मंडळींनी खरोखरच एक अभंग म्हटला, आणि मास्तर खडूने माखलेले हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीवर बसून ऐकत राहिले.

तेव्हापासून बुवा बाजाराच्या दिवशी मास्तरांकडे येऊ लागले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते पायरीवर बसत, आम्ही ओटीवर. आक्का लांबून पाणी घालत. आज हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण होतं ते लिहिलं पाहिजे.

पुस्तकाचं पहिलं वाक्य मास्तरांनी किती तरी वेळा बदललं होतं. शेवटी ठरलं ते असं: 'अभंग म्हणजे पदार्थाचा असा कण, की ज्याचे तुकडे झाले नाहीत, होत नाहीत आणि होणार नाहीत.' मी ते काळ्याभोर शाईने पानाच्या मध्यावर लिहिलं. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं.

आक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "झाले नाहीत, ठीक. होत नाहीत, तेही ठीक. होणार नाहीत हे तुला कोणी सांगितलं? ब्रह्मदेवाने पत्र घातलंय?"

"आक्का, इथे थांबायचं."

"मी थांबते रे. तुझा अभंग थांबतो का बघ."

शाळांसाठी पुस्तकं मंजूर करणारी एक समिती होती. तिच्या मंजुरीशिवाय पुस्तक मराठी शाळांत जाणं शक्य नव्हतं. समितीने प्रत परत पाठवली. पुस्तक चांगलं, भाषा सोपी, पण 'अभंग' शब्दाने मुलांचा धार्मिक गैरसमज होईल, तरी रूढ शब्द घालावा. मास्तरांनी उत्तर लिहिलं. समितीने प्रत्युत्तर लिहिलं. असं दोन वर्षं चाललं. शब्द बदला म्हणजे पुस्तक उद्या छापू, असं त्यांना प्रत्येकाने सांगितलं. मास्तर हट्टाला पेटले होते. ती सगळी पत्रं मी शुद्ध लिहून देत असे, त्यामुळे हट्ट कसा वाढतो हे मी अक्षरशः ओळीओळीने पाहिलं आहे.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. एक दिवस मास्तर शाळेतून भरदुपारी घरी आले, पायातले जोडे न काढता ओटीवर बसले. असं ते कधी करत नसत. हातात विलायतेहून येणारं शास्त्राचं साप्ताहिक होतं. ते महिना-दीड महिना शिळं होऊन येई आणि शाळेत मास्तरांशिवाय ते कोणी उघडत नसे.

"मुली, हे वाच. मला नीट कळलं का ते बघ."

मी वाचलं. इंग्रजी अवघड नव्हतं, गोष्ट अवघड होती. पॅरिसमध्ये एकाने युरेनियम नावाच्या जड धातूचा क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवला होता, आणि ऊन नाही, दिवा नाही, तरी काच काळी पडली होती. क्षारातून आपोआप काही तरी बाहेर येत होतं. आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या एकाला काचेच्या नळीत असे कण सापडले होते, जे सगळ्यांत हलक्या ॲटमच्याही हजारपट हलके होते. ते प्रत्येक पदार्थातून निघतात, असं त्याचं म्हणणं.

"हजारपट," मास्तर म्हणाले. मग उठून जोडे काढले. "छापलंय म्हणून खरं धरायचं नाही. आपण पाहू."

नळी मिळणं शक्य नव्हतं. क्षार मिळाला, आणि तोही सहज. फोटो काढणारे लोक चित्राला तांबूस छटा यावी म्हणून तो वापरत. मास्तरांच्या ओळखीच्या एका फोटोवाल्याने अर्धी बाटली आणि चार काचा दिल्या. लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग, थोडा हिरव्याकडे झुकणारा.

पहिली काच श्रावणातल्या दमट हवेने घालवली. क्षार पाणी होऊन कागदातून झिरपला. दुसरी आक्कांनी घालवली. पत्र्याच्या डब्यात, काळ्या कागदात, भाऊ काही तरी लपवून ठेवतो म्हणजे तंबाखूच, अशी त्यांची खात्री. त्यांनी पुडी भर उन्हात अंगणात आणून उघडली.

"तंबाखू नव्हता," त्या संध्याकाळी म्हणाल्या. त्यांनी मागितलेली क्षमा ती एवढीच.

तिसरी काच थंडीत ठेवायची ठरली. काच आणि क्षार यांच्यामध्ये धातूची एखादी वस्तू हवी होती, म्हणजे तिची सावली उमटली तर शंकेला जागा राहणार नाही. मास्तरांनी किल्ली मागितली.

"किल्ली माझ्या कनवटीची सुटायची नाही," आक्का म्हणाल्या.

बुवा पायरीवर बसले होते. त्यांनी पिशवीतून आपले टाळ काढले, दोरीची गाठ सोडली आणि एक टाळ मास्तरांपुढे ठेवला. "घ्या. पन बेगीन द्या. एकला टाळ वाजत नाय, मास्तर."

"एकवीस दिवस," मास्तर म्हणाले.

काळ्या कागदाच्या दोन घड्यांत काच, तिच्यावर टाळ, टाळावर मेणकागदात पातळ पसरलेला क्षार, सगळं डब्यात, डबा ट्रंकेत घोंगडीखाली. मी भिंतीवर रोज एक रेघ ओढत असे. रेघा सारख्या लांबीच्या होत्या, हे सांगायला नकोच.

बाविसाव्या दिवशी दुपारी काच धुवायची होती. त्यासाठी अंधार हवा. त्या घरात दिवसा पुरता अंधार करता येईल अशी एकच खोली होती, बाळंतिणीची. मास्तरांची बायको तिथेच गेली होती. मी त्या घरात इतकी वर्षं जात होते, पण मास्तरांना त्या खोलीत पाऊल टाकताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दारात ते क्षणभर थांबले. आक्का म्हणाल्या, "जा. पोरगी आहे बरोबर."

फोटोवाल्याचा लाल काचेचा कंदील मी धरला. मास्तरांनी काच औषधाच्या पाण्यात बुडवून ताटली हलवायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग कडेने काळोखी येऊ लागली, जशी भिजलेल्या भिंतीवर ओल चढते. काळोखी चढत गेली आणि मध्ये एक वाटोळी स्वच्छ जागा राहिली. टाळाएवढी. त्या वाटोळ्याच्या ऐन मध्यभागी, जिथून टाळाची दोरी ओवतात त्या भोकाच्या जागी, एक बारीक काळा ठिपका.

मास्तरांची ताटली हलायची थांबली होती.

बाहेरून आक्का म्हणाल्या, "दिसलं का काही?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

मास्तर म्हणाले, "अभंगाच्या घरातून कोणी बाहेर आलं, आक्का. म्हणजे घर आत पोकळ असणार. घराला दार असणार."

अरुण, तू म्हणशील, यावरून ॲटम फुटतो असं सिद्ध होत नाही. होत नाही. मास्तरांनाही ते कळत होतं. त्यांनी मला तसं लिहून ठेवायलाही सांगितलं. पण 'होणार नाहीत' असं पोरांना सांगायचा अधिकार आपल्याला राहिला नाही, एवढं त्यांना त्या खोलीत कळलं. त्यांना तेवढं पुरे होतं.

आणि त्याच आठवड्यात समितीचं पत्र आलं. दोन वर्षांनी समिती नमली होती. 'लेखकाचा आग्रह लक्षात घेऊन अभंग हा शब्द राहू द्यावा, पुस्तक मंजूर.' आक्कांनी देवापुढे तुपाचं निरांजन लावलं आणि शिरा केला. माझ्या वडिलांना बोलावलं. मास्तरांनी शिऱ्याची वाटी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"पुस्तक असं देता येणार नाही," ते म्हणाले.

त्यांनी समितीला लिहिलं, की पहिलं वाक्य आता खरं वाटत नाही आणि ज्या शब्दावर पुस्तक उभं आहे तो शब्दच शंकास्पद झाला आहे. दुरुस्तीसाठी मुदत मिळावी. उत्तर लवकर आलं. मंजूर मजकुरात फेरफार होणार नाही. प्रत आहे तशी छापावी, अथवा मागे घ्यावी.

हेडमास्तर घरी आले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, ठाण्यात पन्नास वर्षं कोणाला पत्ता लागणार नाही."

"मला लागला आहे," मास्तर म्हणाले.

हेडमास्तर गेल्यावर आक्का पुढे झाल्या. इतका वेळ त्या दाराआड उभ्या होत्या. "एका वाक्यासाठी दहा वर्षं पाण्यात घालणार तू?"

"पहिलंच वाक्य आहे, आक्का."

"मग दुसऱ्यापासून वाचतील!"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. मास्तर मात्र गंभीरपणे उत्तरले. "ज्याच्या हातात चार पुस्तकं आहेत त्याला एक चुकलेलं चालतं. दुसऱ्यात दुरुस्ती मिळते. आपल्या पोराच्या हातात हे एकच पडणार. तो ते जन्मभर खरं धरेल आणि आपल्या पोरांना सांगेल. मी जाणून खोटं देऊ?"

"आणि काहीच मिळालं नाही तर? ते चालेल?"

मुलांनो, याचं उत्तर मलाही आजवर सापडलेलं नाही. आक्का चूक होत्या असं मला कधीच म्हणता आलं नाही.

त्यानंतर चार दिवस आक्का भावाशी बोलल्या नाहीत. पान वाढत आणि आत जात. पाचव्या दिवशी बुवा टाळ न्यायला आले. मास्तरांनी टाळ पुसून पायरीवर ठेवला आणि काच दाखवली. बुवांनी ती उजेडाकडे धरली. "माजा टाळ," ते म्हणाले. फार खूश झाले.

"बुवा, आमचा अभंग मोडला," मास्तर म्हणाले.

बुवा दोरी ओवत होते. "मोडला तं मोडला. आमचा पन मोडतं. म्हनताना दम तुटतं. मंग मागचा धरतं." गाठ मारून त्यांनी दोन्ही टाळ एकदा वाजवून पाहिले. "तुमचे मागं कोन हाय?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुस्तक मागे घेतल्याचं पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या हातून आयुष्यात सरकारी कागदावर पडलेला एकमेव शाईचा डाग त्या पत्रावर आहे. मी नवं पान घेऊ लागले तर मास्तर म्हणाले, "राहू दे."

शुद्ध प्रत आक्कांनी लाल फडक्यात बांधली, पोथी बांधतात तशी, आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं पूर्ववत झालं.

खडूचा प्रयोग पुढेही चालू राहिला, असं माझा भाऊ सांगे. निम्मा, निम्म्याचा निम्मा, पूड, "पुढे?" फक्त मूठ मिटायची राहिली. मास्तर तळहात उघडा ठेवून उभे राहत आणि वर्ग वाट पाहत राही. कधी कधी तास संपल्याची घंटा होई. मुलांना ते विचित्र वाटे. परीक्षेत काय लिहायचं, असं विचारलं की म्हणत, "मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहा. आणि खाली लिहा, की मास्तरांना पुढचं ठाऊक नाही." एक-दोघांनी खरोखर तसं लिहिलं आणि तपासणीला आलेल्या साहेबाने मास्तरांकडे खुलासा मागितला.

माझं लग्न झालं आणि मी कल्याणला, पारनाक्याजवळ, सासरी आले. दुसऱ्या थंडीत मास्तर एकदा भेटीला आले. तेव्हा प्लेगचे दिवस होते आणि कल्याण स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होई. मास्तरांची नाडी ठीक होती, पण हातातलं लाल फडकं डॉक्टरांनी सोडायला लावलं. आत शुद्ध प्रतीच्या वह्या, आणि वह्यांमध्ये जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली काळी काच.

"'हे काय?' म्हणून विचारलं," मास्तर सांगत होते. "मी म्हटलं, टाळाची सावली आहे. त्यांनी मला लगेच सोडून दिलं. वेड संसर्गजन्य नसतं, एवढं त्यांना ठाऊक असावं."

फार दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. ते बारीक झाले होते. कोटाचा खिसा मात्र तसाच पांढरा.

त्यांनी वह्या माझ्यापुढे सरकवल्या. "अक्षर तुझं आहे. तुझ्याकडे राहू दे."

मी पहिलं पान उघडलं. पहिल्या वाक्यावर त्यांनी पट्टीने एकच सरळ रेघ मारली होती, माझ्यासारखी. त्याखाली चार बोटं जागा कोरी होती.

"खरं काय ते कळेल," ते म्हणाले. "मला नाही, पण तुला कळेल. तू इंग्रजी वाचतेस. कळलं की इथे लिही. बाकीचं सगळं शाईने आहे, ते असू दे. पहिलं वाक्य शिसपेन्सिलीने लिही."

निघताना मी पाया पडले. गाडीपर्यंत पोचवायला घरची मंडळी गेली, मी दारातून पाहिलं. ते शेवटचं.

शतक संपायच्या आत मास्तर गेले. साथीने नव्हे. साधा ताप आला, पाच दिवस राहिला. मी ठाण्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओटीच्या पायरीवर चेंदणीची मंडळी बसली होती आणि बुवा अभंग म्हणत होते. त्यांना आता दम पुरत नव्हता. ओळ मध्येच तुटे आणि मागचा एक जण ती उचली. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"शेवटी मी विचारलं, पाणी देऊ का रे," त्या मला म्हणाल्या. "म्हणाला, 'निम्मं.'"

वह्या माझ्याजवळ आहेत. मास्तरांनी सांगितलं तसंच मी केलं. तुमचे आजोबा मुंबईहून मासिकं आणत, त्यांतून मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोऱ्या जागेत शिसपेन्सिलीने लिहिलं, 'अभंगाच्या आत विजेचे फार हलके कण असतात.' काही वर्षांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'अभंग बहुतेक पोकळ असतो; त्याच्या ऐन मध्यभागी एक अतिशय लहान, जड गाभा असतो आणि ते हलके कण त्याच्याभोवती असतात.' त्या दिवशी मी काच काढून उजेडात धरली होती. वाटोळं, आणि मध्ये ठिपका. ते टाळाचं भोक आहे, दुसरं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. पुढे तुमच्या वडिलांनी कॉलेजातून येऊन सांगितलं, की गाभाही अखंड नाही, त्यात दोन जातींचे कण आहेत. तेही खोडून लिहिलं.

मग गाभा फोडता येतो, हे वर्तमानपत्रात आलं. कसं आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन शहरांची नावं होती. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "इथे थांबायचं." घरात ऐकायला कोणी नव्हतं. त्या दिवशीचं वाक्य लिहायला मी दुसऱ्या दिवसापर्यंत पेन्सिल हातात घेतली नाही. पण लिहिलं. मास्तरांनी खरं ते लिही म्हणून सांगितलं होतं, आवडेल ते लिही असं नाही.

अरुण, तू लिहितोस की गाभ्यातल्या कणांविषयीही तुमच्याकडे रोज नवं ऐकू येतं आणि अजून काही नक्की नाही. नक्की होईल तेव्हा मला सोप्या भाषेत एका वाक्यात कळव. घाई करू नका, दोघांनी मिळून ठरवा. खोडून खोडून त्या चार बोटांत कागद इतका झिजला आहे, की मागच्या पानावरची माझी चौदा वर्षांची असतानाची अक्षरं आरपार दिसतात. तो आणखी एकदाच खोडणं सोसेल.